अण्णांची बाटली

गेल्या उन्हाळ्यात अण्णा गाडी घेऊन गॅरेजवर आले. एसटीत तीस वर्षं ड्रायव्हर, म्हणजे केपीटीएलच्या धाकात नोकरी काढलेला माणूस. दहा लिटरला गाडी किती किलोमीटर गेली, याचा जाब रोज द्यायचा. बॉनेट उघडून म्हणाले, "आता ही निम्मी पाण्यावर चालते."

बॅटरीशेजारी बाटली. आत स्टीलच्या प्लेटा आणि कॉस्टिकचं पाणी, चहासारखं तांबूस झालेलं. नळी एअर फिल्टरात सोडलेली. बसवणाऱ्यानं बारा हजार घेतले होते.

नळी साबणाच्या पाण्यात बुडवली, थोडा फेस जमल्यावर ती लांब ठेवली आणि फेसाला काडी लावली. फाट्! पोऱ्या दचकला. अण्णा खूश. "बघ!"

बाटलीतला गॅस पेटतो हे खरंच. विजेनं पाणी फोडलं की निघणारा हायड्रोजनच तो. पण पाणी फोडायला जेवढी ऊर्जा लागते, त्याहून जास्त तो जळताना देत नाही. आणि ती ऊर्जा येते इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरकडून, म्हणजे पुन्हा पेट्रोलमधूनच. वायरला क्लॅम्प मीटर लावला तर १२ अँपिअर, म्हणजे साधारण १६५ वॅट. त्यातून निघणारा गॅस जळून फार तर शंभरेक वॅट देणार. आणि साठनं पळणारी गाडी तासाला तीनेक लिटर पेट्रोल पिते, म्हणजे २५,००० वॅटच्या वर.

आकड्यांनी अण्णा हलेनात. मग इंजिन आयडलला ठेवून बाटलीचा स्विच टाकला. आवाज किंचित दबला, हेडलाइट लावल्यावर दबतो तसा. अण्णांच्या कानाला तो माझ्याआधी कळला. गप्प झाले.

१९९६ मध्ये तमिळनाडूतल्या रामर पिल्लैनं पाण्यात पाला उकळून पेट्रोल काढलं, ही बातमी आम्हा पोरांना पेपरातून वाचून दाखवली होती ती अण्णांनीच. २०१६ मध्ये कोर्टानं त्याला तीन वर्षांची शिक्षा दिली, हे मात्र त्यांच्या वाचण्यात आलं नव्हतं.

"मग महिनाभर लिटरमागं दोन किलोमीटर जास्त पडले ते?"

"गाडी कितीनं चालवलीत?"

"पन्नासच्या वर नेलीच नाही. म्हटलं, बाटली फुटायची."

दोघंही हसलो. बाटली काढली, नळीचं भोक बंद केलं. पैसे मी घेतले नाहीत. जाताना काचेतून डोकं बाहेर काढून म्हणाले, "घरी बोलू नकोस हं. हिला पाच हजारच सांगितलेत."