१४ हजार किलोमीटरमध्ये संपलेले टायर

गेल्या मे महिन्यात एका रविवारी वडाळ्याला आईबाबांकडे गेले होते. बाबा बेस्टच्या डेपोत टायर सेक्शनला होते. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी कुठलीही गाडी दिसली की त्यांची नजर आधी चाकांवर जाते. माझ्या गाडीच्या मागच्या चाकापाशी ते उकिडवे बसले, टायरच्या आतल्या बाजूला हात घातला आणि म्हणाले, "अगं, तार लागतेय हाताला."

मला खरं वाटेना. बाहेरून नक्षी अगदी व्यवस्थित दिसत होती. मोबाईलचा टॉर्च लावून खाली वाकून पाहिलं. आतल्या कडेचा दोन बोटं रुंदीचा पट्टा पार गोटा झाला होता आणि एका ठिकाणी रबरातून केसासारखी तार वर आली होती. याच टायरांवर आदल्या आठवड्यात मी एक्स्प्रेसवेने पुण्याला जाऊन आले होते. अंगावर काटा आला.

गाडी सेकंडहँड घेतलेली, दोन दारांची जर्मन स्पोर्ट्स कार. रिम २० इंची, मागे २६५ मिमी रुंदीचे टायर, पुढे २३५चे. त्यामुळे पुढचे मागे करून झीज वाटून घेण्याची सोयच नाही, आणि इंजिनाची सगळी ताकद मागच्याच चाकांवर. रबरही पकडीसाठी मुद्दाम मऊ ठेवलेलं. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, ट्रेडवेअरचा आकडा असतो; जितका जास्त, तितका टायर टिकाऊ. तो माझ्या टायरवर ३०० आहे. साध्या कारच्या टायरवर ४००-५०० सहज दिसतो. (तो आकडा कंपनी स्वतःच देते, म्हणून दोन कंपन्यांची तुलना त्यावरून करू नये.) शिवाय वळणावर टायर पूर्ण रुंदीने टेकावा म्हणून चाकं कारखान्यातूनच वरच्या बाजूने थोडी आत झुकलेली असतात. सरळ रस्त्यावर भार येतो तो आतल्या कडेवर. त्यामुळे वर्कशॉपमधून जेव्हा "मॅडम, या गाड्यांचं असंच असतं, १५ हजार किलोमीटरला बदलायचे" असं उत्तर आलं, तेव्हा मी ते मान्यही करून टाकलं होतं.

बाबांनी केलं नाही. "आता हात आडवा फिरव. आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत." एकीकडून हात सुळकन गेला. उलट फिरवला तर बोटांना करवतीचे दात लागले. "नुसत्या झुकावाने असे दात येत नाहीत. चाक फरफटतंय तुझं."

घरी येऊन अलाइनमेंटचा, म्हणजे चाकांचे कोन जुळवल्याचा, जुना कागद शोधला. सहा महिन्यांपूर्वी खड्ड्यात आपटून मागचा एक आर्म (चाक गाडीला जोडणारा दांडा) बदलावा लागला होता, तेव्हाचा. पुढच्या चाकांचे आधीचे आणि नंतरचे आकडे होते. मागच्या चाकांचे फक्त आधीचे, तेही लाल रंगात, म्हणजे मर्यादेबाहेर. मागच्या बाजूला कोणी पाना लावलाच नव्हता, आणि मी तो कागद न वाचता फाइलला लावला होता. चाक धावायच्या दिशेला पाव अंश जरी तिरकं असलं, तरी दर किलोमीटरला ते चार मीटरहून जास्त आडवं घासलं जातं. दहा हजार किलोमीटरला चाळीसहून अधिक किलोमीटर. मऊ रबर आणि आतल्या कडेवरचा भार त्यात मिळवा. टायर कुठे गेला ते मला त्या हिशोबात दिसलं.

पुढचे तीन आठवडे टायर शोधण्यात गेले. जून २०२० पासून गाड्यांचे नवे टायर आयात करायला परवाना लागतो, आणि माझं माप इथल्या दुकानांत फारसं पडून नसतं. ऑपेरा हाऊसच्या बाजारात एकाने जोडी लगेच काढून दाखवली. साइडवॉलवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे पाहिले: एकावर ३१२३, दुसऱ्यावर ०८१९. म्हणजे एक २०२३च्या ३१व्या आठवड्यातला, दुसरा २०१९च्या ८व्या. एकाच ॲक्सलवर चार वर्षांचं अंतर असलेलं रबर मला घालायचं नव्हतं. तोपर्यंत गाडी जागेवर उभी, मी लोकलने. अखेर दादरच्या एका दुकानदाराने एकाच आठवड्यातली जोडी मागवून दिली, ८७,००० रुपयांना.

बसवताना मी शेजारी उभी राहिले. एवढ्या कमी उंचीच्या साइडवॉलला लोखंडी पट्टीने ओढलं तर रिमला चरा पडतो, कडाही फाटू शकते. तिथे पट्टीशिवाय चालणारं मशीन होतं. मग दुसऱ्या वर्कशॉपमध्ये चारही चाकांचं अलाइनमेंट. मागच्या आर्मचा बोल्ट गंजून धरला होता, तो सुटायलाच तास गेला. पण स्क्रीनवर मागचे दोन्ही आकडे हिरवे होईपर्यंत त्या मुलाने गाडी खाली घेतली नाही. त्याचे मनापासून आभार मानले. नव्या टायरवर साच्यातल्या रसायनाचा थर असतो, म्हणून पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर वळणं सावकाश घेतली.

हे सगळं पाऊस सुरू व्हायच्या आत व्हावं, याची मला घाई होती. टायरमधल्या खुणा १.६ मिमीला रबराच्या बरोबरीला येतात, ती शेवटची मर्यादा. पण रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो, आणि पाणी बाहेर फेकायला खोल नक्षीच लागते. म्हणून ३ मिमीला बदलायचे, असं मी ठरवून टाकलंय.

आता दर हजार किलोमीटरला, टायर थंड असताना हवा तपासते आणि गेजने आत, मध्ये, बाहेर अशी तीन ठिकाणी खोली मोजून वहीत लिहिते. नवे होते तेव्हा ७.५ मिमी. परवा ६,००० किलोमीटर झाले: आत ५.६, मध्ये ५.७, बाहेर ५.९. आकडे बाबांना फोनवर वाचून दाखवले. ते म्हणाले, "ठीक आहे. पण रविवारी गाडी घेऊन ये, हात लावून बघतो."