कॉसचं बटण दाबत राहा

आज वर्गात प्रत्येकाला मनातला कुठलाही आकडा सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर टाकायला सांगितला. मोड रेडियनचा, म्हणजे कोन अंशांऐवजी रेडियन या एककात मोजणारा. मग कॉस (त्रिकोणमितीतलं cos चं बटण), आलेल्या उत्तराचा पुन्हा कॉस, पुन्हा कॉस... कुणी ५ घेतला होता, कुणी थेट १०००. आधी आकडे इकडेतिकडे उड्या मारत होते, मग उड्या लहान होत गेल्या आणि सगळ्यांच्या पडद्यावर एकच संख्या येऊन थांबली: ०.७३९०८५. "सर, माझंही तेच आलं!" हा आरडाओरडा ऐकायला मी कितीही तास घ्यायला तयार आहे. जिचा कॉस काढला तरी तीच उरते, अशी ही संख्या. पुस्तकात समीकरण म्हणून आली असती तर कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं.

कॅल्क्युलेटरने मुलांचं डोकं गंजतं, हे मला मुळीच पटत नाही. २ + ३ × ४ साध्या कॅल्क्युलेटरवर ओळीने दाबलं की २० येतात, सायंटिफिकवर १४. का? त्यावर आज जी वादावादी झाली, ती फळ्यावर नियम लिहून कधीच होत नाही.

घरातल्या वस्तूंचंही तेच. बऱ्याच मायक्रोवेव्हवर ९० (सेकंद) दाबा किंवा १३० (म्हणजे १ मिनिट ३० सेकंद), दीड मिनिटच धरलं जातं. साठच्या पटीतली मोजणी तिथे रोज डोळ्यांसमोर असते. वजनकाट्यावरचं टेअर (रिकाम्या भांड्याचं वजन वगळणारं बटण) म्हणजे सरळ वजाबाकी. आणि कॅल्क्युलेटरवर ७-८-९ वरच्या ओळीत, फोनवर मात्र १-२-३. हे एका मुलीने आज स्वतःहून दाखवलं!

उद्या वर्गमुळाचं बटण. २ पासून सुरुवात करून दाबत राहायचं, कुठे पोचतो ते तुम्हीही बघा.