जुना मॉनिटर गोड बोलायचा

आईचा एक फोटो प्रिंट करून आणला, पाकिटातून बाहेर काढला आणि पहिला विचार हाच आला की प्रिंटवाल्याने घोळ घातलाय. माझ्या स्क्रीनवर केसांची बट न् बट मोजता येत होती आणि कागदावर नुसता काळा गठ्ठा, चेहराही असा की लाईट गेल्यावर काढलाय जणू. भांडायला निघालेच होते, तेवढ्यात दादाने प्रिंट हातात घेतली, एकदा स्क्रीनकडे बघितलं आणि विचारलं, "ब्राइटनेस कितीवर ठेवलायस गं?"

शंभरवर. आणला त्या दिवसापासून शंभरवर. स्क्रीन ट्यूबलाईटसारखी पेटलेली, त्यामुळे मला प्रत्येक फोटो जास्तच उजळ वाटायचा आणि मी इमानदारीत एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजेड, खाली ओढत बसायचे, वर्षानुवर्षं.

खरं तर तेव्हा ब्राइटनेस कमी केला असता तरी निम्मं काम झालं असतं. पण नवीन वस्तू घ्यायला निमित्त मिळालं की ते कोण सोडतं? तर नवा मॉनिटर घ्यायचं ठरलं, तोही फोरकेच, आणि पुढचे तीन आठवडे मी फक्त आकडे बडबडत होते. माझा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे ६००० बाय ४०००, सरळ २ कोटी ४० लाख ठिपके. जुना फुल एचडी मॉनिटर १९२० बाय १०८०, जेमतेम २१ लाख. म्हणजे फोटोतला अकराव्या हिश्श्याचाही माल तो एका वेळी दाखवत नव्हता. आणि फोरके? ३८४० बाय २१६०, ८३ लाख, म्हणजे तरी एक तृतीयांशच. इथे जरा हिरमोडच झाला.

मग साइज. तेच ८३ लाख ठिपके २७ इंचात बसवले तर इंचाला १६३ पडतात, ३२ इंचात १३८. म्हटलं २७च घ्यावा, चित्र छापल्यासारखं दिसेल. दिसतंच तसं, फक्त एडिटिंगच्या सॉफ्टवेअरचे मेनू इतके बारीक झाले की पहिल्या दिवशी मी स्क्रीनला नाक लावून बसले होते, मग स्केलिंग, म्हणजे अक्षरं-मेनूंचा आकार, १५० टक्के केलं तेव्हा कुठे माणसात आले. आणि एक गंमत, फोटो शंभर टक्के झूम करून शार्पनेस बघायची जी सवय असते ना, ती इथे फसवते, कारण ठिपकेच इतके लहान की नॉइज, म्हणजे फोटोतले बारीक दाणे, दिसत नाही आणि आपण शार्पनिंगचा स्लायडर ढकलत राहतो. आता मी २०० टक्क्यांवर बघते.

पॅनेलचा, म्हणजे स्क्रीनच्या जातीचा, फार विचार नाही केला. टीएनमध्ये मान हलवली की रंग बदलतो, व्हीएमध्ये काळा रंग मस्त गडद पण कडेने बघितलं की सावल्या फिक्या पडतात, म्हणून आयपीएस, विषय संपला. डोकं खाल्लं ते रंगांच्या टक्क्यांनी. "९९ टक्के रंग" असं ठसठशीत लिहिलेलं असतं, पण कशाच्या ९९ टक्के ते खाली बारीक अक्षरात. स्क्रीनने किती रंग दाखवायचे याची दोन ठरलेली मापं, एसआरजीबी १९९६ सालचं, अडोबी आरजीबी १९९८ चं आणि या दुसऱ्यात हिरवे-निळसर रंग जास्त मावतात. मी जास्त रंगांचाच घ्यायचा म्हणून तसाच घेतला आणि त्यावर, कलर प्रोफाइल (कुठला रंग नेमका कसा दाखवायचा ते सांगणारी फाइल) न जुमानणाऱ्या एका साध्या फोटो व्ह्यूअरमध्ये, आईचा फोटो उघडला. गाल टोमॅटो! रंगांना प्रोफाइलचा लगाम लागेपर्यंत हा मोठेपणा काही कामाचा नाही.

त्यात पहिले दोन दिवस माऊस मधात बुडाल्यासारखा चालत होता. माझ्या लॅपटॉपचा एचडीएमआय पोर्ट जुना १.४ चा, त्यातून फोरके जातं खरं पण चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलतं. डिस्प्लेपोर्ट या दुसऱ्या जोडणीने जोडल्यावर ६० झालं, तोपर्यंत मी नव्या मॉनिटरला मनातल्या मनात बरंच काही बोलून घेतलं होतं.

शेवटी मैत्रिणीकडून स्क्रीनचे रंग मोजून जुळवणारा कॅलिब्रेटर आणला. ते छोटंसं यंत्र काचेवर पालीसारखं चिकटून बसतं, खालून एकेक रंग सरकत जातो आणि आपण उगाच श्वास रोखून बघत राहतो. ब्राइटनेस १२० निट्सवर (उजेडाचं माप) आणला, पांढरा ६५०० केल्विनवर (तो किती पिवळट की निळसर याचं माप). झाल्यावर स्क्रीन इतकी मंद आणि पिवळट वाटली की दादा म्हणाला, "नवा घेतलास की कुणाचा जुना उचलून आणलास?" दोन दिवसांनी डोळे सरावले आणि जुना मॉनिटर लावून बघितला तर तो निळा पडलेला, आजारी माणसासारखा.

आईचा फोटो पुन्हा एडिट केला. केस परत आले. मागच्या आकाशात मात्र, वरच्या डाव्या कोपऱ्यात, एक करडा डाग दिसला, म्हटलं नव्या स्क्रीनवर एवढ्यात धूळ? मऊ फडक्याने पुसला, गेला नाही. फुंकर मारली. मग फोटो जरा खाली सरकवला तर डागही सरकला. कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचा कण होता तो. मागच्या ट्रिपचे फोटो उघडले, त्याच्या आधीच्या ट्रिपचेही, प्रत्येक आकाशात तिथेच बसलाय.