तळ्याला वळसा

डार्लिंग्टनचा ट्रॅक वरून पाहिला तर अंड्यासारखा दिसतो. एक टोक ऐसपैस, दुसरं आखूड आणि चिंचोळं. मोटारींच्या शर्यतीसाठी असला आकार मुद्दाम कोणी आखणार नाही. हॅरॉल्ड ब्रासिंग्टनलाही तो आखायचा नव्हता. १९३३ साली तो इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत बघून आला आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच खूळ होतं: अशी शर्यत आपल्या गावात झाली पाहिजे. गाव म्हणजे अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यातलं डार्लिंग्टन. आजूबाजूला कापूस, तंबाखू आणि भुईमूग. इंडियानापोलिसचा ट्रॅक अडीच मैलांचा, त्याचं नाव जगभर; इथे डांबरी रस्ते मिळाले तरी लोक खूश.

जमीन मिळाली शेर्मन रॅमसी नावाच्या शेतकऱ्याची, ७० एकरांच्या आसपास. पत्त्यांच्या डावात सौदा पक्का झाला, असंही तिकडे रंगवून सांगतात. तो भाग मी सांगोवांगी म्हणूनच घेते. अट मात्र खरी होती. शेताच्या एका अंगाला रॅमसीचं तळं होतं. गळाला लावायला लागतात तसले बारीक मासे त्यात होते. तळ्याला हात लावायचा नाही, बाकी काय हवं ते खणा. ब्रासिंग्टनने मग त्या बाजूचं वळण आत ओढून घेतलं, आवळलं, आणि दुसऱ्या बाजूचं हवं तेवढं मोकळं सोडलं. झालं अंडं.

मला या सगळ्या इतिहासात सर्वांत आवडतो तो रॅमसी. गावात एवढा मोठा प्रकल्प येतोय, चार माणसं येऊन समजूत घालत असणार, आणि हा माणूस बोटभर माशांसाठी अडून बसलाय. आपल्याकडे अशा माणसाला आडमुठा म्हणतात आणि रस्ता रुंदीकरणाच्या बैठकीत त्याच्याकडे बघून सगळे उसासे टाकतात. पण पुढची ७५ वर्षं देशातले उत्तमोत्तम ड्रायव्हर आणि मेकॅनिक डोकं खाजवत राहिले ते या आडमुठेपणापायी.

ट्रॅक उभा राहिला, आणि ४ सप्टेंबर १९५० रोजी, लेबर डेच्या सोमवारी, पहिली ‘सदर्न ५००’ झाली. रविवार का नाही? साउथ कॅरोलायनात रविवार देवाचा. त्या दिवशी असले तमाशे कायद्यानेच बंद. म्हणून कामगारांच्या सुट्टीचा सोमवार धरला, आणि १९८३पर्यंत तोच वार चालू राहिला.

स्टॉक कार हा प्रकार तेव्हा अगदी कोवळा होता. कंपनीतून निघालेली, शोरूममधून कोणीही विकत घ्यावी अशी गाडी, तीच घेऊन शर्यतीत उतरायचं. या खेळाच्या कुळाची चौकशी केली तर पहिल्या पिढीतले बरेचजण डोंगरातल्या हातभट्टीची दारू रात्रीतून शहरात पोचवणारे निघतात. गाडी बाहेरून साधी दिसली पाहिजे आणि पोलिस मागे लागले तर पळाली पाहिजे, हे त्यांचं शिक्षण. डेटोना बीचच्या बिल फ्रान्सने १९४७च्या डिसेंबरात सगळ्यांना एका हॉटेलात जमवून ‘नॅसकार’ या स्टॉक कार शर्यतींच्या संघटनेची जुळवाजुळव केली. तोवर शर्यती बहुतेक मातीच्या छोट्या ट्रॅकवर होत. डांबरी मोठ्या ट्रॅकवर सलग ५०० मैल घरगुती गाड्या पळवायच्या ही कल्पना खुद्द फ्रान्सलाही धाडसाची वाटत होती.

पंचवीसेक हजार माणसं आली. ७५ गाड्या होत्या, इंडियानापोलिसच्या थाटात तीन-तीनच्या पंचवीस रांगा लावलेल्या. सुरुवात झाली आणि टायर फुटायला लागले. सप्टेंबरचं ऊन, कोरं डांबर, दोन-दोन टनांच्या गाड्या आणि रोजच्या रस्त्यासाठी केलेले टायर. संघांकडचा साठा संपला, तेव्हा मंडळी ट्रॅकच्या मधल्या मैदानात शर्यत बघायला लावलेल्या प्रेक्षकांच्या गाड्यांकडे वळली आणि त्यांचे टायर काढून आणू लागली. शर्यत बघायला आलेल्या माणसाला आपल्या गाडीचं चाक शर्यतीत पळताना दिसावं, याहून जवळचं नातं प्रेक्षक आणि खेळात कुठे असेल?

जिंकला कॅलिफोर्नियाचा जॉनी मँट्झ. त्याची गाडी एक छोटीशी प्लिमथ. मालकीत बिल फ्रान्सचाही वाटा. शर्यतीच्या तयारीच्या दिवसांत हीच गाडी किरकोळ कामांसाठी गावात पिटाळत, अशी आठवण सांगितली जाते. मँट्झ ४३व्या क्रमांकावरून निघाला. इंडियानापोलिसला भाग घेतलेला असल्यामुळे डांबर टायरचं काय करतं हे त्याला ठाऊक होतं. त्याने ट्रकचे टणक टायर बसवले होते. बाकीचे सुसाट सुटत होते, फुटत होते, थांबत होते; हा ताशी पंचाहत्तर-शहात्तर मैलांनी, हलक्या गाडीत, कोणाशी स्पर्धा नसल्यासारखा फिरत राहिला. साडेसहा तासांहून जास्त वेळ. दुसरा आलेल्या फायरबॉल रॉबर्ट्सला त्याने नऊ फेऱ्यांनी मागे टाकलं. एवढा गाजावाजा करून घेतलेली वेगाची शर्यत सर्वांत सावकाश चालवणाऱ्यांपैकी एकाने मारली, याचं त्या गर्दीला काय वाटलं असेल याची कल्पना करून मला अजून हसू येतं.

माझा भाचा शार्लटला नोकरी करतो. शार्लट म्हणजे या खेळाचं माहेरघर, बहुतेक संघांच्या कार्यशाळा त्याच भागात. त्याला यातलं काडीचंही कौतुक नाही. “मावशी, चार तास नुसते डावीकडे वळतात गं. त्यात बघायचं काय?”

डावीकडे वळतात हे खरं. पण डार्लिंग्टनला दोन टोकांची दोन डावी वळणं सारखी नाहीत, तिथेच सगळी गोम आहे. स्प्रिंगा, टायरमधली हवा, वजनाची वाटणी, हे सगळं मोकळ्या वळणासाठी जुळवलं की आखूड वळणात गाडी हट्टाला पेटते, नाक वळायलाच तयार होत नाही. आखूड वळणासाठी जुळवलं की मोकळ्या बाजूला शेपूट बाहेर पळतं. दोन्हीकडे थोडं थोडं चुकेल अशी गाडी तयार करणं हे इथल्या मेकॅनिकचं कसब, आणि उरलेलं ड्रायव्हरने हाताने सांभाळायचं. त्यात डांबर कानशीसारखं खरबरीत, आठ-दहा फेऱ्यांतच नव्या टायरची नवलाई उतरते. सगळ्यात वेगवान वाट अगदी वर, भिंतीला लागून. बोटभर अंतर राखायचं. ते चुकलं की उजव्या बाजूला लांबलचक ओरखडा उठतो आणि भिंतीचा रंग पत्र्यावर येतो. त्या ओरखड्याला ‘डार्लिंग्टनचा पट्टा’ म्हणतात. पट्टा न लावता ५०० मैल पुरे करणारे थोडेच, आणि जिंकणाऱ्यांच्या गाड्यांवरही तो असतो. अनुभवी ड्रायव्हर सांगतात की इथे शेजारच्या गाडीशी नाही, ट्रॅकशी शर्यत लावायची. डेव्हिड पिअर्सन हा त्याच राज्यातल्या स्पार्टनबर्गचा, आणि डार्लिंग्टनला सगळ्या मिळून दहा शर्यती जिंकणारा तो एकटाच. घाई न करता पहिले चारशे मैल काढायचे आणि शेवटच्या शंभरात आपण आहोत हे दाखवायचं, ही त्याची पद्धत.

जवळच्याच एका खेड्यातला केल यारबरो लहानपणी कुंपणाखालून सरपटत आत शिरून शर्यत बघायचा. मग वय चोरून स्वतःच शर्यतीत उतरला, तेव्हा अधिकाऱ्यांनी त्याला बाहेर काढलं. १९६५च्या सदर्न ५००मध्ये त्याची गाडी कठडा ओलांडून सरळ ट्रॅकच्या बाहेर जाऊन पडली. हा ठणठणीत. पुढे त्याने ही शर्यत पाच वेळा जिंकली. त्याच १९६५ला नेड जॅरेट १४ फेऱ्यांनी, म्हणजे १९ मैलांहून थोड्या जास्त अंतराने जिंकला. नॅसकारच्या सर्वांत वरच्या स्पर्धेत एवढ्या अंतराने कोणीही जिंकलेलं नाही. बाकीच्यांच्या गाड्या एकेक करून गळपटल्या होत्या, आणि जॅरेटची स्वतःची तापत होती. तो जीव मुठीत धरून तिला घरी आणत होता. १९८५ला बिल एलियटने इथे दहा लाख डॉलरचं बक्षीस मारलं. तेव्हापासून त्याला ‘मिलियन डॉलर बिल’ म्हणू लागले. जेफ गॉर्डन सहा वेळा जिंकला, त्यातली १९९५ ते १९९८ ही चार वर्षं ओळीने.

सगळंच असं गमतीचं नव्हतं. १९५७च्या शर्यतीत बॉबी मायर्स गेला. त्याचा मुलगा डॅनी पुढे याच खेळात राहिला, डेल अर्नहार्ट या बड्या ड्रायव्हरच्या गाडीत पेट्रोल भरणारा म्हणून नावाजला गेला. बाप ज्या ट्रॅकवर गेला तिथे दरवर्षी कामाला जायचं. लोक याला धैर्य म्हणतात. मला वाटतं, घरचा धंदा असला की माणूस एवढा विचार करत बसत नाही.

आणि ‘सदर्न’ या शब्दाबरोबर जे येतं तेही आलंच होतं. मिरवणूक, सौंदर्यस्पर्धा, मधल्या मैदानात तीन दिवस चाललेलं खाणंपिणं, आणि ते हाताबाहेर जातं म्हणून तिथेच उभारलेली पोलिसांची कोठडी, हे एकवेळ हसण्यावारी नेता येईल. पण सुरुवातीच्या दशकांत इथे यादवी युद्धातल्या दक्षिणेचा, म्हणजे गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्यांचा झेंडा अभिमानाने मिरवत. वेंडेल स्कॉट हा कृष्णवर्णीय ड्रायव्हर १९६३च्या डिसेंबरात जॅक्सनव्हिलला नॅसकारची शर्यत जिंकला, तेव्हा आधी दुसऱ्याच्या हाती करंडक देऊन टाकला होता. आणि डार्लिंग्टनचं दार आपल्याला किती वर्षं बंद होतं हे तो आयुष्यभर सांगत राहिला. नॅसकारने तो झेंडा आपल्या मैदानांवरून हटवला २०२०च्या जूनमध्ये. परंपरेचं कौतुक करताना हे गाळलं तर ते कौतुक खोटं ठरेल, म्हणून लिहिते.

परंपरा मोडायलाही पैशाशिवाय फारसं काही लागत नाही. नव्वदीत देशभर दीड मैलाचे, एका साच्यातून काढल्यासारखे ट्रॅक उभे राहिले. मोठी शहरं, मोठे स्टँड, टीव्हीला सोयीचे. डार्लिंग्टन त्यांच्यापुढे खेडवळ. २००४ला लेबर डेची तारीख लॉस एंजेलिसजवळच्या फोंटाना ट्रॅकला दिली आणि सदर्न ५०० नोव्हेंबरात ढकलली. पंढरपूरची आषाढी काढून दिवाळीनंतर घ्यायची, आणि आषाढातली तिथी भलत्याच शहराला द्यायची, तसलाच हा प्रकार. त्या नोव्हेंबरात जिमी जॉन्सन जिंकला, आणि पुढच्या वर्षी नावसुद्धा काढून टाकलं. डार्लिंग्टनकडे मे महिन्यातली एकच शर्यत उरली, मदर्स डेच्या आदल्या संध्याकाळची. फोंटानाला मात्र स्टँड भरेनात. कॅलिफोर्नियात सुट्टीच्या दिवशी माणसाला समुद्र आहे, डोंगर आहेत, सिनेमा आहे. डार्लिंग्टनला लेबर डेला दुसरं काहीच नाही, म्हणून तर ती शर्यत त्यांची होती. २००९ला नाव परत मिळालं, पण मे महिन्यातच. तारीख अटलांटाला फिरून अखेर २०१५च्या सप्टेंबरात घरी आली. त्या वर्षी जुन्या काळातल्या रंगसंगती गाड्यांवर चढवून सगळे उतरले आणि कार्ल एडवर्ड्स जिंकला. ती जुन्या रंगांची टूम पुढेही चालू राहिली. थोडा मालविक्रीचा भाग आहे त्यात, टोप्या खपतात. पण आजोबा ज्या रंगासाठी ओरडायचे तोच रंग नातवाला दिसतो, म्हणून माझी काही तक्रार नाही.

ब्रासिंग्टन १९९६ला वारला, त्यामुळे ही तारखांची फरफट त्याला बघावी लागली नाही. त्याने पुढे नॉर्थ कॅरोलायनात रॉकिंगहॅमचा ट्रॅकही उभारायला हातभार लावला होता, १९६५चा. रॉकिंगहॅमची मुख्य शर्यत २००४ला गेली ती गेलीच.

हल्ली सदर्न ५०० रविवारी संध्याकाळी सुरू होते, उन्हाचा ताप टाळायला. आपल्याकडे तेव्हा सोमवारची पहाट. ३६७ फेऱ्या. दूधवाला येतो तेव्हा शंभरेक उरलेल्या असतात. २०२४ला चेस ब्रिस्को जिंकला तो अशा संघासाठी, जो त्या हंगामाअखेर बंद होणार हे जाहीर झालं होतं. २०२५ला तो दुसऱ्या संघातून आला आणि पुन्हा जिंकला, ३६७पैकी ३०९ फेऱ्यांत तोच पुढे. भाच्याला कळवलं तर त्याचं उत्तर, “म्हणजे दुसरं कोणी पुढे नव्हतंच. मग तू उजाडेपर्यंत पाहिलंस काय?” टायलर रेडिक शेवटपर्यंत त्याच्या पाठीवर होता, ते पाहिलं. शिवाय त्या आखूड वळणात तीनशे साठाव्या फेरीलाही गाडीचं नाक वळायला कां कू करत होतं, आणि तो ते भिंतीपासून वीतभर लांब ठेवत होता, ते पाहिलं.

पुढच्या लेबर डेला मी शार्लटला असेन. दोन तिकिटं काढ म्हणून त्याला सांगून ठेवलंय, आणि जागा तळ्याकडच्या टोकाची बघ, विजयरेषेसमोरची नको. तो म्हणतो, तिकडून करंडक दिसत नाही. नाही दिसला तरी चालेल.