गोळी वाटली, पण पोटात गेली का?

आरोग्याच्या कुठल्याही मोहिमेचा अहवाल उघडा. पोस्टर किती लावले, दवंडी किती गावांत दिली, किती शाळांनी प्रभातफेरी काढली, हे पहिल्याच पानावर असतं. आपण काय केलं त्याचा हा हिशेब. लोकांनी काय केलं ते शेवटच्या पानावर, तेही जागा उरली तर. मी चंद्रपूर जिल्ह्यात हत्तीरोगाच्या मोहिमेत प्रचाराचं काम बघते आणि दर बैठकीत माझं भांडण याच पानांवरून होतं.

मुळात हा रोग समजावून सांगायला अवघड. क्युलेक्स डास चावतो, जंत अंगात सहा-आठ वर्षं बिनबोभाट राहतात, त्यांची पिल्लं रात्री रक्तात उतरतात. म्हणून तर आमची माणसं रात्री दारं वाजवून बोटाचं रक्त घेतात. बाहेरून मात्र काही दिसत नाही. पाय सुजायला, अंडवृद्धी व्हायला वर्षानुवर्षं लागतात, आणि वाढलेला पाय गोळीनं पहिल्यासारखा होत नाही. त्यामुळे २००४ पासून देशातल्या हत्तीरोगाच्या जिल्ह्यांत धडधाकट माणसांनाही गोळ्या खायला घालतात. दोन वर्षांखालची पोरं, गरोदर बाया आणि फार आजारी माणसं तेवढी वगळायची. एकूण लोकसंख्येपैकी निदान ६५ टक्के लोकांच्या पोटात औषध गेलं तर ती फेरी कामाची, हे जागतिक आरोग्य संघटनेचं माप. पोटात, हं. हातात नव्हे.

आता दारात काय घडतं बघा. मोठ्या माणसाला डीईसी या औषधाच्या ३ गोळ्या, अल्बेंडाझोल या जंताच्या औषधाची १, आणि तीन औषधांची फेरी असेल तर उंची मोजून आयव्हरमेक्टिनच्या वेगळ्या. तळहात भरतो. "मले तं काहीच झालं नाही ताई, मंग येवढ्या गोळ्या कायले खाऊ?" प्रश्न रास्त आहे. आशाताई जंतांचं समजावते. बाई मान डोलावते आणि म्हणते, "ठेवून द्या, जेवल्यावर खाते." 'उपाशीपोटी घेऊ नका' हा आमचाच संदेश, आम्हीच भिंतीवर रंगवलेला. आशाताई सकाळी दहाला पोहोचते, तेव्हा चूल नुकतीच पेटलेली असते. मग ती गोळ्या ठेवते, रजिस्टरवर खूण करते आणि पुढच्या दारात जाते. तिला तरी काय बोलणार? दिवसभराची घरं तिलाच संपवायची असतात. इथे आणखी हजार पोस्टर लावून काही होणार नाही. भेटीची वेळ संध्याकाळी, जेवणानंतरची हवी. हे मायक्रोप्लॅनमध्येच, म्हणजे कोण कधी कुठल्या घरी जाणार त्या आराखड्यातच, ठरायला पाहिजे, आणि तो बनतो तेव्हा प्रचारवाल्यांना कोणी बोलवत नाही.

मूल्यमापनाला जाते तेव्हा "गोळ्या खाल्ल्या का?" असं मी विचारत नाही. गावात तोंडावर नाही म्हणायची रीत नाही, सगळे हो म्हणतात. मी विचारते, "गोळ्या कुठे ठेवल्या?" मग एखादी आजी आत जाते आणि रेशनकार्डाच्या प्लास्टिक पिशवीतून पुडी काढून आणते, जशीच्या तशी, व्यवस्थित घडी घातलेली. टाकून दिलेली नसते. सरकारी कागदाच्या मानानं जपलेली असते. 'हत्तीरोग ऐकून माहीत आहे का?' या रकान्यात तीच आजी 'होय' असते.

म्हणून रजिस्टरला तीन रकाने हवेत: दिली, समोर खाल्ली, खाल्ली असं सांगितलं. तिसरा पहिल्या दोघांत मिसळला की टक्केवारी फुगते.

दुसरी भानगड टक्केवारीच्या भागाकाराची, म्हणजे एकूण माणसं किती धरायची याची. फेब्रुवारीत, मोहिमेच्या वेळीच, इकडची कितीतरी कुटुंबं मिरची तोडायला तेलंगणात जातात. घराला कुलूप. यादीतून ती माणसं वगळली तर आकडा छान दिसतो, पण जंत त्यांच्याबरोबर जातो आणि परत येतो.

गोळी खाल्ल्यावर रक्तातले जंतू मरतात तेव्हा काहींना ताप येतो, डोकं दुखतं, मळमळतं. हे आधी सांगितलं तर लोक घाबरतील, असं बैठकीत कोणीतरी म्हणतंच. न सांगितल्यावर काय होतं ते मी बघितलंय: सकाळी एकाला उलटी होते, आणि दुपारपर्यंत अख्खी गल्ली दारं लावून घेते. आधी सांगितलेल्या मोहल्ल्यात तीच उलटी "औषध लागू पडलं" म्हणून खपून जाते. संदेश छापण्याआधी लोकांत पूर्वचाचणी करायची तर त्रासाबद्दलच्या या वाक्याची करा, पोस्टरच्या रंगांची नको.

मिरचीवाले परततात त्या आठवड्यात राहिलेल्यांसाठी वेगळी फेरी ठेवावी, जमलं तर मजुरांची गाडी थांबते तिथेच, असं मी यंदाच्या टिपणीत लिहिलं. 'मोहिमेचा कालावधी वरून ठरतो' असा शेरा आला. खरं आहे, ठरतो वरूनच. पण देशानं हत्तीरोग संपवायला २०२७ साल धरलंय, ते साल मजुरांच्या गाडीला माहीत नाही. टिपणी पुन्हा पाठवली आहे, या वेळी कुलूपबंद घरांची गावनिहाय यादी जोडून.