साताऱ्याचा पिन कोड

४१५००१ हा आकडा पत्रावर असला की पत्र साताऱ्याला पोचतं. ती मूळ संख्या आहे का, याच्याशी पोस्टमनला काही देणंघेणं नसतं. पण दिसते मात्र अगदी मूळ: शेवटी १, मधे दोन शून्यं, कुठे नख लावायला जागा नाही.

सांगलीचं तसं नाही. ४१६४१६ म्हणजे तेच तीन अंक दोनदा, अर्थात ४१६ × १००१; आणि १००१ म्हणजे ७ × ११ × १३. उरलेल्या ४१६ मधून पाच वेळा २ निघतो आणि आणखी एक १३. सांगलीकरांनी राग मानू नये, पण कागदसुद्धा लागत नाही.

साताऱ्याला वेढाच घालावा लागतो. २ आणि ५ शेवटच्या अंकापाशीच अडतात. अंकांची बेरीज ११, म्हणून ३ बाद. ७, ११, १३ एका दमात तपासता येतात: पहिल्या तीन अंकांतून शेवटचे तीन वजा करा, ४१५ − १ = ४१४. त्याला तिघांपैकी कुणाचाच भाग जात नाही. (इथेही तोच १००१ कामाला आला.) पुढे १७, १९, २३ असं चालू लागायचं. ८३ ने ४१५००० ला पुरा भाग जातो, आपल्याला बाकी १. २४१ ने ४१५००२ ला जातो. दोन्हीकडे एकाने हुकलं! वर्गमूळ ६४४ च्या किंचित पुढे, म्हणून तिथवरच्याच मूळ संख्या बघायच्या. त्या ११७ भरतात. शंभरेक भागाकार फुकट गेल्यावर कुणीही 'मूळ आहे' म्हणून वही मिटेल. आणि ११२ वी, म्हणजे ६१३, दगा देते: ६१३ × ६७७ = ४१५००१.

औरंगजेबाने डिसेंबर १६९९ मध्ये सातारचा किल्ला वेढला, तो हाती यायला एप्रिल १७०० उजाडला. इथे मात्र फ्रेंच गणिती फर्माची चोरवाट आहे. वर्गमूळाच्या लगेच वरचा पूर्णांक घ्या, ६४५. त्याचा वर्ग ४१६०२५. त्यातून ४१५००१ वजा केले की १०२४, म्हणजे ३२ चा वर्ग. दोन वर्गांची वजाबाकी म्हणजे फरक गुणिले बेरीज, झालं: ६४५ − ३२ आणि ६४५ + ३२. एका वजाबाकीत! दोन्ही अवयव वर्गमूळाच्या जवळ बसले आहेत, म्हणून हे जमतं. लांब असते तर ही वाट भागाकारापेक्षाही लांबली असती.

नुसतं 'मूळ नाही' एवढंच हवं असेल तर अवयवही लागत नाहीत. २ च्या ४१५००० व्या घाताला ४१५००१ ने भागलं तर मूळ संख्येसाठी बाकी १ यायला हवी. इथे येत नाही. उलट बाजूने मात्र भरवसा नको. ५६१ म्हणजे ३ × ११ × १७, तरी ती ही परीक्षा पास होते. शेकडो अंकी संख्यांना म्हणून मिलर-राबिनची कडक चाचणी लावतात.

संगणकावरचे संदेश गुप्त ठेवणाऱ्या आरएसए कुलपात अशा दोन मूळ संख्यांचा गुणाकार उघड्यावर असतो. २०४८ बिटांच्या चावीत प्रत्येक तीनशेहून अधिक अंकी. पहिली सापडली की तिच्याच पुढची मूळ संख्या दुसरी म्हणून घ्यायची, हा आळस तिथे महागात पडतो. चावी कितीही लांब असो, वरची वजाबाकी ती पहिल्याच पायरीला उघडते.