अंधार राखणारं घर: चिलीतलं पारानाल

आंतोफागास्ता शहर सोडलं आणि थोड्याच वेळात हिरवा रंग संपला. पुढचा जवळजवळ सगळा रस्ता, पारानालपर्यंत साधारण १२० किलोमीटर, तांबूस माती, त्याच रंगाचे दगड आणि वर गडद निळं आभाळ. गाडीत बसल्या बसल्या ओठ फुटायला लागले.

पारानालची वेधशाळा शनिवारी लोकांना दाखवतात. नाव आधी नोंदवावं लागतं. सोबतचे सगळे दुर्बिणी बघायला आले होते. मी आले होते ती तिथे काम करणाऱ्यांच्या राहण्याची इमारत बघायला. तिला रेसिदेन्सिया म्हणतात. वास्तुरचना हा माझा व्यवसाय, आणि या इमारतीचे नकाशे मी कॉलेजपासून बघत आले आहे.

पण आधी शिखर. उंची २,६३५ मीटर. दुर्बिणींना सपाट जागा हवी म्हणून डोंगराचा माथा सुरुंग लावून उडवला आहे. पश्चिमेला जेमतेम १२ किलोमीटरवर पॅसिफिक महासागर, पण पाणी दिसलंच नाही. खाली ढगांची पांढरी गादी अंथरलेली. हम्बोल्ट प्रवाहाच्या थंड पाण्यावरची हवा गार आणि जड राहते, तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं, आणि ढग त्याखालीच अडकून पडतात. पूर्वेकडून येणारा ओलावा अँडीज अडवते. या दोन्हींच्या मधे हा कोरडा डोंगर उभा.

दुर्बिणीच्या घुमटात पाऊल टाकलं आणि अंगावर काटा आला. बाहेर रणरणतं ऊन, आत गारठा. रात्री बाहेर जेवढं तापमान असेल असा अंदाज असतो, तेवढ्यावर घुमटातली हवा दिवसभर आणून ठेवतात. संध्याकाळी दारं उघडल्यावर ८.२ मीटरचा आरसा किंवा भोवतालचं पोलाद बाहेरच्या हवेपेक्षा गरम असेल, तर त्यावरून ऊन हवा उठते. तापलेल्या डांबरी रस्त्यावर दिसते तशी थरथर मग ताऱ्याच्या प्रतिमेत येते. म्हणजे या इमारतीने बाहेरच्या रात्रीत विरघळून जायचं. माणसाचं घर नेमकं याच्या उलट हवं, आणि तेही याच डोंगराच्या पायथ्याशी.

मार्गदर्शकाने वरून बोट दाखवलं तरी रेसिदेन्सिया मला सापडेना. काही वेळाने तिच्या छतावरच्या काचेच्या घुमटाची एक कड चकाकली, तेव्हा कळलं. म्युनिकच्या आउअर-वेबर या वास्तुरचनाकारांनी ती जमिनीच्या खोलगट भागात बसवली, काँक्रीटमध्ये लोहाचं ऑक्साइड मिसळून त्याला वाळवंटाचाच रंग दिला. काम २००२ मध्ये पूर्ण झालं. त्याआधी इथली माणसं कंटेनरमध्ये राहायची. पत्र्याची भिंत उन्हाबरोबर तापते आणि सूर्य बुडताच गार पडते. जाड काँक्रीट आणि मागची माती तसं करत नाहीत. दुपारचं ऊन आत पोचेपर्यंत रात्र झालेली असते, आणि तेव्हा ती ऊब हवीच असते.

आत जायला उतार आहे. उतरत गेले आणि बदल आधी नाकाला कळला. ओल्या मातीचा वास! ३५ मीटर व्यासाच्या घुमटाखाली झाडं, आणि त्यांच्या शेजारी चक्क पोहण्याचा तलाव. नकाशात हा तलाव मला कायम चैनीचा वाटला होता. पाणी इथे टँकरने आणतात, तेव्हा तो प्रश्न गैर नव्हता. पण बाहेर हवेतली आर्द्रता बऱ्याचदा ५ ते २० टक्के असते. तेवढ्या कोरड्या हवेत घसा दुखतो, त्वचा तडकते, झोप नीट लागत नाही. झाडं आणि पाण्याचा उघडा पृष्ठभाग सगळ्या घरात ओलावा सोडत राहतात. दहा मिनिटांत माझे ओठ हुळहुळायचे थांबले. माझा आक्षेप मी तिथेच मागे घेतला.

आणि झोप! खगोलशास्त्रज्ञ रात्री जागतात, दिवसा झोपतात. मी एकदा रात्रपाळीच्या परिचारिकांसाठी वसतिगृह केलं होतं, उजेडाचं कौतुक म्हणून मोठमोठ्या खिडक्यांचं. वर्षभराने गेले, तर काचांवर आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली. ते चित्र डोळ्यांपुढून जात नाही. इथे दिवसा झोपणाऱ्याला अंधार हवा, आणि रात्री आकाशाला. म्हणून सूर्य मावळला की खिडक्यांचे पडदे ओढतात, काचेचा घुमटही आतून झाकून घेतात. खोल्या शंभराहून जास्त, दुर्बिणी जेमतेम तीन किलोमीटरवर. वर जाणाऱ्या रस्त्यावर रात्री गाडीचे हेडलाइटही लावायचे नाहीत.

घुमट झाकताना बघायचा होता. पण पाहुण्यांना अंधार पडायच्या आत निघावं लागतं. चढ चढताना भिंतीवर तळवा टेकवला. खरखरीत, आणि चांगलीच गरम. वर येईपर्यंत ओठ पुन्हा कोरडे पडले होते.